दोरी अजून डावीकडंच

रंगनाथ आण्णा कुणाकडंही दोन्ही डोळ्यांनी बघत नाहीत. डावा डोळा मिटतात, मान जरा खाली घेतात आणि उजव्या डोळ्यानं तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत असं न्याहाळतात, की आपण माणूस नसून सुताराकडं पडलेली फळी आहोत असं वाटायला लागतं. नव्या जालन्यात या कॉलनीत आम्ही राहायला आलो, त्या दिवशी मी टेम्पोतून सामान उतरवत होतो आणि हे शेजारच्या फाटकात एक डोळा मिटून उभे. मला वाटलं, डोळ्यात कचरा गेला असेल बिचाऱ्यांच्या. मी हसून नमस्कार केला. ते म्हणाले, "तुमचा डावा खांदा अर्ध्या इंचानं उतरलाय. पिशवी उजव्या हातात घेत जा."

ना ओळख, ना पाळख! मी मनातल्या मनात शिव्या घालत घरात गेलो आणि आरशासमोर उभा राहिलो. खांदा उतरलेला होता. माझा संताप झाला तो याचा. माणूस चुकीचं बोलला असता तर मी विसरूनही गेलो असतो.

आण्णा मोजणी खात्यात होते. मंठ्यापासून टेंभुर्णीपर्यंत लोकांची शेतं मोजण्यात त्यांची नोकरी गेली. नोकरी संपली, मोजणी संपली नाही. आमच्या कपडे वाळत घालायच्या तारेला झोळ आहे, हे त्यांनी माझ्या बायकोला, म्हणजे मंदाला, फाटकातून ओरडून सांगितलं. एका लग्नात मांडवाचा तिसरा खांब रांगेबाहेर आहे म्हणून मंगलाष्टकं चालू असताना उठले आणि खांब हलवायला लागले. मुलीकडच्यांनी धरून बसवलं. एकदा माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले होते. मी मूर्ख, मी आण्णांना चहाला बोलावलं. चहा झाला, पोहे झाले, आणि आण्णा डोळा मिटून नवऱ्या मुलाला म्हणाले, "तुमची मान थोडी उत्तरेला जाती."

ते लग्न जमलं नाही. आण्णा म्हणतात बरं झालं.

बोलण्यात सगळं मोजणीचंच. शेताची खूण मोजून एकदा पक्की ठरली, की त्याला 'हद्द कायम झाली' म्हणतात. आण्णांची हद्द कशाचीच कायम होत नाही. चहा दिला तर, "साखर बराबर हाय, पण अजून हद्द कायम न्हाई." मुलाचा निकाल सांगितला तर, "चांगलं हाय, पण हद्द कायम न्हाई." आणि आपण काही सांगायला गेलो, की ठरलेलं उत्तर, "नकाशावर सांगू नका, जागेवर बघा."

या माणसानं जगात एकच गोष्ट सरळ आहे असं मान्य केलेलं मी ऐकलंय, ती म्हणजे त्यांच्या बायकोचा, सुमनवहिनींचा टाका. वहिनी कॉलनीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज शिवायच्या. खडूची रेघ न मारता कात्री अशी चालवायच्या की बघत राहावं. आणि तोंडही कात्रीसारखंच चालायचं. आण्णा पट्टी घेऊन आले की म्हणायच्या, "ती पट्टी ठेवा तिकडं, तुमच्या पट्टीच्या नादानं माझं कापड वाकडं जाईल." आण्णा मुकाट्यानं पट्टी ठेवायचे. त्यांना गप्प करणारं दुसरं माणूस मी बघितलं नाही.

मागच्या दिवाळीला वहिनींना लकवा मारला. दवाखान्यातून आल्या तेव्हा चालत होत्या, बोलणं थोडं जड झालेलं, पण उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच. शिलाई मशिनीवर आण्णांनी चादर टाकली. वहिनी आतल्या खोलीत खुर्चीवर बसून राहायला लागल्या. मंदा भेटायला गेली की "बरी हाय" म्हणायच्या आणि गप्प. त्या घरातला आवाजच गेला. आम्हाला वाईट वाटायचं, पण शेजाऱ्यांनी करायचं तरी काय? मंदा डबा द्यायची, मी औषधं आणून द्यायचो.

आता धनुष्याचं सांगतो. यात माझीच चूक आहे, आधीच कबूल करून टाकतो.

कॉलनीत आमचं छोटं राममंदिर आहे आणि मी त्याच्या कमिटीचा सचिव. सचिव म्हणजे जाळी काढणारा. संक्रांतीच्या आधी मूर्ती पुसायला घेतली. रामाच्या हातातलं धनुष्य सुटं निघतं, ते काढून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलं, जाळी काढली, दमलो आणि बसलो. कडाक् आवाज आला. रामाचं धनुष्य मी मोडलं, आणि तेही बसून! अध्यक्षांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "आता रामनवमीला देव रिकाम्या हातानं उभा करायचा का?" मी म्हणालो, माझी जबाबदारी. रामनवमीच्या आत नवीन आणतो. डेकोरेशनवाल्याकडं प्लायवूडचं, सोनेरी कागद लावलेलं तयार मिळत होतं. जाऊन आणलं असतं की संपलं असतं.

पण मी ते आण्णांसमोर बोललो.

"रामाच्या हातात प्लायवूड?" आण्णांनी दोन्ही डोळे उघडले. "मी करून देतो. माळ्यावर धामणीची फांदी हाय. टेंभुर्णीच्या डोंगराकडं मोजणीला गेल्तो, तवा एकानं दिल्ती. वाळून खणखणीत झालीय. धामण म्हणजे धनुष्याचंच लाकूड. आठ दिवसांत देतो."

आठ दिवस! मी भोळा माणूस. म्हातारा रिकामा आहे, वहिनींमुळं घरात अडकून पडलाय, तेवढाच जीव रमेल, असा विचार करून मी हो म्हणालो. मी त्यांच्यावर उपकार करतोय असंसुद्धा मला वाटलं होतं. हसू नका.

आठ दिवसांत फांदी तासून झाली, हे खरं. रंधा मारला, कानशीनं घासली, फुटक्या काचेनं खरवडून गुळगुळीत केली. मधे मूठ, वर एक बाजू, खाली एक बाजू. दिसायला देखणी. मग सुताची दोरी वळून मेण लावून चढवली आणि मला बोलावलं. मी नारळ घेऊनच गेलो.

"बघा," आण्णा म्हणाले.

"छान झालं की आण्णा!"

"जागेवर बघा. एक डोळा मिटा."

मिटला. दोरी वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत गेलेली. मला दोरी दिसली आणि लाकूड दिसलं. आणखी काय दिसायचं असतं?

"दोरी मुठीच्या मधोमध पाहिजे," आण्णा म्हणाले. "ही डावीकडून जाती. म्हणजे उत्तर बाजूला पीळ हाय." धनुष्याच्या वरच्या बाजूला ते उत्तर बाजू म्हणत आणि खालच्या बाजूला दक्षिण. "पीळ काढावा लागंल. हद्द कायम न्हाई."

मी म्हणालो, "अहो, राम काय बाण मारणारेत का?"

"अन् मारायचा म्हणले तर?"

मी नारळ घेऊन घरी आलो. मंदानं त्याची चटणी केली.

तिथून जो छळ सुरू झाला, तो काय सांगू! पीळ काढायला वाफ लागते. लाकूड वाफेवर धरायचं, मऊ झालं की उलट्या दिशेला मुरडायचं, बांधून ठेवायचं, गार झाल्यावर सोडायचं. वाफेसाठी आण्णांनी मंदाकडून इडलीचं भांडं नेलं. "आत्ता आणून देतो" म्हणाले. आमच्याकडं रविवारी इडली असते. म्हणजे असायची. महाशिवरात्रीला दोरी डावीकडं होती. मुरडून मुरडून होळीला उजवीकडं गेली. मग ज्या बाजूला टोक झुकलं, त्याच्या समोरची बाजू काचेनं खरवडायची, म्हणजे टोक परत येतं, असं सांगून खरवडत बसले. आलं, आणि थांबलं नाही, परत डावीकडं गेलं. दर खरवडीला लाकूड कमी होत होतं. पहिल्या दिवशी मी दोरी ओढली होती तेव्हा घाम फुटला होता. आता ते धनुष्य एखाद्या पोरीनंही सहज वाकवलं असतं. मी म्हणालो, "आण्णा, दोरी अडकवायची टोकाची खाच जरा बाजूला कोरा ना, येईल मधोमध."

"म्हणजे शेत चुकलं म्हणून नकाशा खोडायचा?" आण्णा माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी लाच देऊ केलीय.

आणखी एक तऱ्हा. रोज सकाळी दोरी चढवली, की धनुष्य घेऊन आतल्या खोलीत जायचे आणि दार ओढून घ्यायचे. दहा मिनिटांनी बाहेर यायचे. "न्हाई. अजून डावीकडंच." बांबूची एक पट्टी होती, तिच्यावर पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारायचे, शेजारी काहीतरी लिहायचे. मी विचारलं, ही कसली खूण? "नोंद हाय," म्हणाले. मोजणीवाल्याच्या नोंदी! मी जास्त खोलात गेलो नाही. वहिनींना कौतुकानं दाखवून आणत असतील, असं धरून चाललो.

पाडवा झाला. रामनवमी आठ दिवसांवर आली. अध्यक्ष मला रस्त्यात गाठून विचारायचे, मी तोंड चुकवून गल्लीबोळातून ऑफिसला जायला लागलो. मी बियाण्याच्या कंपनीत नोकरीला आहे. तिथं बी उगवलं नाही म्हणून लोक ओरडतात आणि घरी आलो की हे. एक दिवस मी फाटकातूनच ओरडलो, "आण्णा, तुम्ही मला कमिटीतून काढायला लावून राह्यले का?"

"जल्दीचं काम न्हाई हे, विलासराव," ते शांतपणे म्हणाले. "लाकूड हाय. फिरतं."

अष्टमीच्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी मला बोलावलं आणि धनुष्य हातात दिलं. तीन महिने बघून बघून मलाही आता डोळा मिटता येत होता. दोरी मुठीच्या अगदी मधोमध होती. वर खाली, कुठंही केसाएवढा फरक नाही. मी आनंदानं ओरडलो, "आण्णा! हद्द कायम!"

"हूं," ते म्हणाले. "उद्या सकाळी न्या." चेहऱ्यावर कसला आनंद म्हणून नाही. मला वाटलं, दमले असतील. मी अध्यक्षांना फोन करून छाती फुगवून सांगितलं.

चार वाजता मंदा म्हणाली, काम झालंय ना, मग माझं भांडं आणा. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी टॉवेल डोक्यावर घेऊन आण्णांच्या मागच्या अंगणात गेलो. तिथं चुलीवर आमचं इडलीचं भांडं. भांड्यातून वाफ. वाफेवर धनुष्य. आणि आण्णा पान्ह्यानं त्याचं वरचं टोक डावीकडं मुरडतायत!

तळपायाची आग मस्तकात गेली. "आण्णा! काय करून राह्यले तुम्ही? सकाळी सरळ होतं! मी बघितलं! याच डोळ्यानं बघितलं!"

"हळू बोला," त्यांनी आतल्या दाराकडं बघितलं.

"हळू? तीन महिने माझं रक्त आटवलं तुम्ही! भांडं गेलं, नारळ गेला, कमिटीत तोंड दाखवायला जागा न्हाई, आणि तुम्ही मुद्दाम वाकडं करताय?"

"उद्या सकाळी परत सरळ करतो. रोजच करतो."

"रोज?"

आण्णा पान्हा खाली ठेवून पायरीवर बसले. मीही बसलो.

"तिच्या हातासाठी डाक्टरनं एक पिवळा रबर दिल्ता," ते म्हणाले. "रोज ओढायचा. म्हणजे हातात जोर येतो. तिनं चार दिवस ओढला अन् भिताडावरून फेकून दिला. म्हणली, मी काय लहान लेकरू हाय?"

तो पिवळा रबर आमच्या कढीपत्त्याच्या झाडात सापडला होता. मी तो स्कूटरच्या कॅरिअरला बांधला होता. त्यानं सिलिंडर फार छान बसतो.

"समजावलं, ओरडलो, हात बी जोडले. न्हाई म्हणजे न्हाई. मंग पहिल्यांदा दोरी चढवली ना, तवा हे तिला दाखवायला नेलं. म्हणली, काय हाय? म्हणलं, रामाचं धनुष्य, कॉलनीच्या देवळातलं. अन् विलासराव, तिचा उजवा हात उचलला. डाव्यानं धरून न्हाई, आपला आपण. बोट लागलं दोरीला. तिनं ओढली. दोन बोटं ओढली असंल." आण्णांनी दोन बोटं माझ्यासमोर धरली. "पण दोरीला डावीकडं ओढ. सुटली ती तिच्या मनगटाला घासून गेली. लाल वळ उठला. तवा कळलं, रामाला चालंल, पर हिला वाकडं चालणार न्हाई. बराबर मधोमध पाहिजे."

"मग झालं ना सरळ?"

"होळीनंतरच झाल्तं. पण सरळ झालं म्हणलं की तुम्ही घेऊन जाणार. मंग ती काय ओढणार? मी तिला सांगितलं, माझ्या हाताला अंदाज येत न्हाई, तू ओढ, दोरी कुठं जाती ते मी बघतो. देवाचं काम म्हणून रोज धा येळा ओढती. सकाळी तिनं ओढली की मीच म्हणायचं, अजून जरा डावीकडं हाय. दुपारी थोडं मुरडतो, सकाळी तिनं ओढायच्या आधी सरळ करतो. तिनं मला मुरडताना बघितलं तर बघू दे, काम चाललंय असं वाटंल."

"अहो, मग दुसरं धनुष्य करा की तिच्यासाठी! लाकडाला काय तोटा आहे?"

"दुसरं देवाचं न्हाई ना. माझं काम म्हणलं की ती करत न्हाई. आजवर एक काम ऐकलं न्हाई माझं."

यावर मला हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, "आणि फरक पडतोय का?"

आण्णांनी ती बांबूची पट्टी आणली. पहिली रेघ, दोन बोटं. होळीची, चार बोटं. पाडव्याची, एक वीत. शेवटची, वीत आणि वर दोन बोटं. माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं. आण्णांनी मात्र पट्टी उलटी ठेवली.

"पण खरं सांगू का," ते म्हणाले, "हाडाचा मोजणीवाला हाय मी. ह्या खुणा पुढं गेल्या, त्या हात सुधारला म्हणून, का खरवडून खरवडून धनुष्य ढिलं झालं म्हणून, हे मला ठाऊक न्हाई."

"मग वजन करा ना! हुकाचा काटा आमच्या गोदामात पडलाय. दोरीला अडकवायचा, वहिनींना ओढायला सांगायचा, किती किलो ओढतात ते कळंल. दोन मिनिटांचं काम."

"काटा नको."

"का?"

"काटा खरं सांगतो," आण्णा म्हणाले आणि भांड्याखालचा जाळ विझवायला लागले.

सगळ्या जिल्ह्याला 'जागेवर बघा' म्हणणारा माणूस! माझा इतका संताप झाला की मी भांडं न घेताच परत आलो.

रामनवमीला सकाळी आण्णांनी धनुष्य सरळ करून, तेल लावून माझ्या हातात दिलं. मी म्हणालो, राहू द्या, मी प्लायवूडचं आणतो. ते म्हणाले, "न्हाई. देवाला दिलेला शब्द हाय. ती विचारंल." दुपारी बारा वाजता पाळणा हलला, गुलाल उधळला, सुंठवडा वाटला. अध्यक्षांनी धनुष्य बघितलं आणि म्हणाले, "बरंय. सोनेरी कागद नाही का लावला?" मी त्यांना काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. देवळात बोलायला नको होतं.

पुढचे तीन दिवस शेजारी सामसूम. चूल नाही, कानशीचा आवाज नाही. मंदा डबा द्यायला गेली, तर वहिनी परत खुर्चीत, हात मांडीवर. म्हणाल्या, "बरी हाय." आण्णा ओट्यावर बसलेले असायचे. मी ऑफिसला जाताना मुद्दाम जड पिशवी डाव्या हातात घेऊन त्यांच्या समोरून गेलो. खांदा जितका खाली पाडता येईल तितका पाडला. आण्णांनी बघितलं, दोन्ही डोळ्यांनी बघितलं, आणि काही बोलले नाहीत.

हे मला सहन झालं नाही. दहा वर्षं या माणसानं गप्प बसावं म्हणून मी देवाला हात जोडले असतील, आणि आता बसला तर बसवेना.

चौथ्या दिवशी सकाळी ऑफिसची पिशवी घेऊनच देवळात गेलो. पुजाऱ्यांना म्हणालो, धनुष्यात बिघाड आहे. ते म्हणाले, धनुष्यात कसला बिघाड? मी म्हणालो, तुम्हाला कळायचं नाही. रामाच्या हातातून धनुष्य काढलं आणि थेट आण्णांच्या ओट्यावर आलो.

"आण्णा, दोरी डावीकडं गेलीय."

आण्णांनी धनुष्य घेतलं. डोळा मिटला. वर बघितलं, खाली बघितलं. दोरी मधोमध होती, माझ्यासारख्यालाही दिसत होती. मग त्यांनी तो उघडा डोळा माझ्याकडं वळवला. मी इकडंतिकडं बघायला लागलो.

"म्हणलं होतं," ते घसा खाकरून म्हणाले. "लाकूड हाय. फिरतं." आणि घरात शिरता शिरता ओरडले, "ऐकलं का! देवाचं धनुष्य परत आलं! बघ बरं जरा ओढून!" मीही मागोमाग गेलो. इतके दिवस त्या बंद दाराआड काय चालतं ते मला बघायचंच होतं.

वहिनींनी डाव्या हातानं मूठ धरली. उजवा हात मांडीवरून निघाला, हळूहळू. बोटं दोरीला लागली. ओढली. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्या थांबल्या आणि माझ्याकडं बघितलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. शब्द जड येत होते, पण धार जुनीच. "दोरी मधोमध हाय. कोण म्हणलं डावीकडं गेली?"

मी आण्णांकडं बघितलं. आण्णांनी धनुष्याकडं.

"इतकी वर्षं ब्लाऊज शिवले मी. दोरा सरळ चाललाय का न्हाई, मला बोटाला कळतं. होळीनंतरच सरळ झाल्तं हे."

"मंग... मंग बोलली का न्हाई तू?" आण्णांनी विचारलं.

"तुम्ही रोज उन्हात बसून इतक्या मेहनतीनं वाकडं करून राह्यले. मी कशाला बोलू?" मग माझ्या पिशवीकडं बोट दाखवलं. "त्यात काय वाजतं?"

गोदामातला हुकाचा काटा होता. चार दिवस तो मी पिशवीत घेऊन फिरत होतो. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. मी काढून दाखवला.

"लावा," वहिनी म्हणाल्या.

"नको सुमन," आण्णा म्हणाले. "धनुष्य ढिलं झालंय. उगाच मनाला..."

"भितंय कोण? मी का तुम्ही?"

मी हुक दोरीला अडकवला आणि दुसरी कडी वहिनींच्या बोटांत दिली. आण्णांनी धनुष्य धरलं. वहिनींनी ओढायला सुरुवात केली आणि मी आण्णांकडं बघितलं. त्यांनी डावा डोळा मिटला होता. मग उजवाही मिटला.

काट्याचा बाण एकवर गेला, दोनवर गेला, थोडा थांबला. वहिनींनी ओठ दाताखाली धरले. दिवाळीनंतर ज्या हातातून चहाचा रिकामा कप पडत होता, तो हात. बाण पुढं सरकला. "पावणेतीन किलो!" मी ओरडलो. "आण्णा, पावणेतीन! हा धनुष्याचा ढिलेपणा न्हाई, हा हाताचा जोर आहे!"

आण्णांनी डोळे उघडले नाहीत. तसेच उभे राहिले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर यायला लागलं. मग म्हणाले, "थांबा. जागेवर बघू द्या." एक डोळा उघडला, मान खाली घेतली आणि काट्यावरचा आकडा बघितला. बराच वेळ बघितला. वहिनींचा हात थरथरत होता, पण त्यांनी सोडलं नाही.

"मग?" मी विचारलं. "झाली का हद्द कायम?"

आण्णा काट्यावरून नजर काढेनात. बोलल्या त्या वहिनी. कडी सोडली, हात मांडीवर ठेवला, दम घेतला आणि म्हणाल्या, "बिलकुल न्हाई. दोरी अजून डावीकडंच हाय. उद्या परत ओढून बघते."

आता ते धनुष्य सणावारी देवाच्या हातात असतं आणि बाकीचे दिवस दुरुस्तीला. अध्यक्ष विचारतात, हे असलं कसलं धनुष्य, सारखं बिघडतं? मी सांगतो, लाकूड आहे, फिरतं. इडलीचं भांडं मी परत मागितलं नाही. मंदाला नवीन आणून दिलं.

त्या दिवशी मी निघालो आणि फाटकापर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात मागून ओट्यावरून हाक आली, "विलासराव! पिशवी!"

मी मुकाट्यानं ती उजव्या हातात घेतली.